हाताशी

आमच्या टेबलावर त्याला सगळे लाईनमन म्हणायचे, आणि तो होताही लाईनमनच. अठरा वर्षं त्याने विजेच्या खांबांवर काढली. मग एकदा शिडी सरकली, डावा गुडघा कामातून गेला आणि खात्याने त्याला तक्रार खिडकीवर बसवलं. तिथे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि खाली कार्बन लावून त्यांच्या तक्रारी दोन प्रतींत लिहून घ्यायच्या. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरी भाजीची यादी केली तरी खाली कार्बन. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या, "उद्या मला हाक मारतील तीसुद्धा दोन प्रतींत."

रविवारी दुपारी आम्ही पाचजण छापखान्याच्या मागच्या खोलीत जमायचो. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये एक टेबल, त्यावर चौकोन आखलेला नकाशा आणि फासे. आमच्यापैकी कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, आणि छापखानेवाला आमच्यावर एकेक प्राणी सोडणार. चाळिशी उलटलेली माणसं असले खेळ खेळतात म्हणून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. छापखानेवाल्याचा जीव उडणाऱ्या प्राण्यांवर. त्याचा पंखवाला सिंह वरून यायचा, पंजा मारायचा आणि त्याच पाळीत पुन्हा वर. आमची पाळी येईपर्यंत तो चाळीस हात उंच. तलवारवाल्यांनी काय करायचं? आकाशाकडे बघत बसायचं. मी महिनोन्‌महिने आकाशाकडे बघितलं आहे, म्हणून सांगतो.

लाईनमनने त्यावर नियम केला. एका दिवसात नाही, चार वर्षं तो तेच घोळवत होता. खांबावरून त्याने घारी जवळून पाहिल्या होत्या. "घार पिल्लू उचलायला येते ना," तो म्हणायचा, "तेव्हा तिला पंख आवरावे लागतात. तेवढ्यात कोंबडीसुद्धा चोच मारते. पण कधी? आधीपासून तयारीत असली तर." म्हणून जमिनीवरच्याने आपली पाळी सोडायची, घाव राखून ठेवायचा आणि वाट बघायची. आणि मग ते वाक्य: 'झडप घालणारा प्राणी एका घावापुरता हाताशी असतो.' राखलेला घाव तेव्हा घालायचा. लागतो की हुकतो ते फासे ठरवणार. त्या रविवारपासून आमच्या खेळात जीव आला.

पुढे छापखानेवाल्याने आमच्या नियमांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा त्याने मथळाच दिला, 'लाईनमनचा नियम'. त्या दिवशी निघताना लाईनमन जिन्यावर मला म्हणाला, "आजवर कागदावर माझं नाव फक्त मेमोवर आलंय." त्या पुस्तकाची त्याने किती वाट पाहिली ते मी दर रविवारी बघत होतो.

मुद्रितं मी तपासली. मुद्रितशोधन हा माझा धंदा, आणि माझ्या नजरेतून चूक सुटत नाही हा माझा तोरा. 'हाताशी' हा शब्द मला ढिला वाटला, बोलण्यातला. मी तो खोडून 'हातात' केला. कुणाला विचारलं नाही.

आता फरक बघा. हाताशी म्हणजे पोचण्याइतका जवळ. हातात म्हणजे धरलेला. पुस्तक बाहेर गेलं आणि ठिकठिकाणच्या टेबलांवर पंखवाले सिंह कोंबड्यांसारखे पकडले जाऊ लागले. फासे टाकायचीही गरज नाही, झडप घातली की आलाच हातात. पत्रांवर पत्रं आली. एकाने लिहिलं, आमच्यातल्या एकाने उडता अजगर मानगुटीला धरून ठेवलाय, आता त्याचं काय करू ते कळवा. हसं झालं ते नियमाचं, आणि नियमावर नाव त्याचं होतं.

छापखानेवाल्याने रविवारी ती पत्रं टेबलावर आपटली. "असं लिहून कुणी दिलं?"

मी चष्मा पुसत होतो. फक्त तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

लाईनमनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "माझं अक्षर वाईट आहे." पुढच्या रविवारपासून तो आला नाही.

दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली. छापखानेवाल्याने तो नियम काढून टाकला, नावासकट. त्या जागी आलं: 'उडणाऱ्या प्राण्यांवर फक्त बाणांनी हल्ला करता येतो.' त्या पानाचं मुद्रितही मीच तपासलं. एकही चूक नव्हती.

पुस्तक छापून हातात आलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली आणि मी त्याच्या घरी गेलो. पूर्वी वहिनी दारातच 'या भाऊजी' म्हणायच्या. आज नुसतं "आत आहेत" म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तो खिडकीशी बसला होता, पाय स्टुलावर. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तो शब्द मी बदलला होता."

त्याने खण ओढून एक कागद काढला. कार्बनची निळी प्रत. 'हाताशी', काना-वेलांटीसकट स्वच्छ.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"घाव राखून ठेवला होता," तो म्हणाला. "म्हटलं, तू कधीतरी आपणहून खाली येशील. दुसरी आवृत्ती निघायच्या आदल्या दिवशी आला असतास तरी चाललं असतं."

"आता आलोय ना. काय बोलायचं ते बोल. दोन ठेवून दे हवं तर."

त्याने कागदाची घडी घातली, तो खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"खेळ संपला की राखलेला घाव बाद होतो," तो म्हणाला. "तेही मीच लिहिलं होतं, त्याच्याच खालच्या ओळीत. ती ओळ मात्र तू नीट छापून घेतली होतीस."