भिंतीपलीकडचा आवाज

आई गेल्यापासून शिवणकाम करणाऱ्या ताईंना घर खायला उठायचं. पन्नाशी उलटलेली, जवळचं कुणी नाही. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून त्या दिवसभर रेडिओ लावून ठेवत. एकदा तो बंद पडला, आणि दुसऱ्याच दुपारी शेजारचे विधुर बसड्रायव्हर दारात उभे राहिले. आजवर जिन्यात मान हलवण्यापुरतीच ओळख.

"आवाजाचा त्रास व्हायचा का हो?" ताई ओशाळल्या.

"छे! काल आवाज आला नाही, म्हणून जीव टांगणीला लागला. भिंतीलगत बसून जेवतो मी. एकट्याला घास उतरत नाही."

ताईंनी खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा ना."

ते संध्याकाळपर्यंत बसले. गेल्यावर खोली पूर्वीपेक्षाही रिकामी वाटली. पण आता वाट पाहायला कुणीतरी होतं.