डाव्या बाजूचं कुंकू

आमच्या पोरींच्या हातातनं काही काढून न्यायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहमदपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी कुठल्याशा कंपनीनं शाळेला कोडिंगचे बोर्ड दिले. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर बारके दिवे. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा, वायर जोडायची, की बोर्ड आपण सांगू तसा वागतो. ते खोकं उघडलं त्या दिवशी पोरींना मधल्या सुट्टीतली खिचडीसुद्धा आठवली नाही.

अडचण लॅपटॉपची होती. ते वेगळ्या योजनेतून आलेले, वजनाला जेवणाच्या डब्याएवढे. त्यांच्यात नवीन काही भरता येत नाही. जे करायचं ते ब्राउझरमध्येच. आणि बोर्डाचं सॉफ्टवेअर मागत होतं मोठा कॉम्प्युटर. लातूरहून ट्रेनिंग द्यायला आलेल्या साहेबांनी एका लॅपटॉपची दोन-चार बटणं दाबली आणि हात झटकले. "ह्याच्यावर न्हाई चालणार, मॅडम. उगं पडून राहण्यापेक्षा लातूरच्या शाळेला देऊ. सोमवारी गाडी पाठवतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लातूरला काय जात नाही इथलं? जरा हुशार पोरगं दिसलं की आईबाप त्याला शिकवणीसाठी तिथं खोली करून देतात. पोरींना कोण खोली करून देतो? त्या इथंच राहतात. त्यांच्यासाठी आलेली एक वस्तू, तीही उचलून लातूरला?

मी म्हटलं, "पाठवा गाडी, साहेब. सोमवारी पोरी बोर्ड चालवून दाखवतील. न्हाई चालले तर मी स्वतः खोकं गाडीत ठेवून देते."

बोलून तर बसले. आता करायचं काय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं! घरी मोबाइलवर शोधत बसले, तिकडं भाजी करपली. नवरा म्हणाला, "ह्यानं पगार वाढणार हाय का?" मी म्हटलं, "न्हाई. गुमान खा." शेवटी कळलं ते असं: बोर्डाच्या आत एक मूळ प्रोग्रॅम असतो. तो बदलला, तर बोर्ड सरळ ब्राउझरशी बोलतो, लॅपटॉपमध्ये काही भरावंच लागत नाही. बदलायला मोठा कॉम्प्युटर लागतो, पण एकदाच.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी खोकं मांडीवर घेऊन एसटीनं अहमदपूर गाठलं. स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं मोठा कॉम्प्युटर. दुकानदार म्हणाला, "व्हायरस-बियरस शिरला तर, ताई?" मी म्हटलं, "शिरला तर मी बघून घेते." एकेक करून सगळे बोर्ड बदलून घेतले. तिथल्याच ब्राउझरवर एक लावून बघितला, तर दिवे लागले. परतीच्या एसटीत मी लई खुशीत होते.

ती खुशी रविवारी उतरली. हेडमास्तर किल्ली घेऊन शाळेत आले होते. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, बोलायला मऊ, पूजेअर्चेला कडक, असा तो माणूस. मी लॅपटॉपच्या डाव्या बाजूला वायर जोडली. काही नाही. दुसरा लॅपटॉप घेतला, तिसरा घेतला, तेच. दुकानात चाललेला बोर्ड इथं साधा दिवा लावेना. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

हेडमास्तर हळूच म्हणाले, "जाऊ द्या, मॅडम. आपल्या पोरींच्या नशिबात न्हाई."

नशीब म्हटल्यावर तर मी पेटलेच. लॅपटॉप उचलला, खिडकीतल्या उन्हात धरला आणि वायरीच्या भोकात डोळा लावला. आत लालपिवळं काहीतरी वाळून घट्ट बसलेलं, आणि मधोमध तांदळाचा दाणा. दुसऱ्यात बघितलं, तिथंही तसंच.

खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही शाळेच्या घंटेपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याची पूजा केली होती. हळदीकुंकू हेडमास्तरांनी लावलं होतं, पाण्यात कालवून, वर अक्षता. ह्या लॅपटॉपांना दोन्ही बाजूंना सारखंच भोक, चार्जर नि वायर कुठंही बसते; पण चार्जर आम्ही नेहमी उजव्या बाजूला लावतो, त्यामुळं डावीकडं तेव्हापासून कुणी बघितलंच नव्हतं.

"सर, कुंकू आत कशाला घातलंत?"

"मशीन जिथनं खातं तिथंच लावायचं असतं, मॅडम," ते म्हणाले. "गिरणीला तोंडाशीच लावतात की. झाकणाला लावून काय उपयोग?"

डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. उजवीकडचा चार्जर काढला, तिथं बोर्ड लावला. सगळे दिवे लागले. हेडमास्तरांनी बोर्डाला हात जोडले. मी म्हटलं, "जोडा, सर. पण लांबून."

सोमवारी गाडी आली, साहेबही आले. पोरी तयार होत्या, लॅपटॉप चार्ज करून ठेवलेले, बोर्ड उजवीकडं. दिवे बघून साहेब म्हणाले, "हे आधीच भरून ठेवलेलं असंल."

"मग तुम्हीच सांगा काय करायचं ते."

त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला पळणारा बाण काढायला सांगितला. तिनं विचारलं, "कुठल्या बाजूला पळवू, सर?" ते म्हणाले, "कुठंबी पळव." तिनं ओळी लिहिल्या, बटण दाबलं. बोर्डावरचा बाण दाराकडं पळायला लागला. तिनं मुद्दाम केलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. साहेब गाडी रिकामी घेऊन गेले.

यंदाच्या खंडेनवमीला बोर्ड आमच्याच वर्गात, पूजेच्या रांगेत होते. हेडमास्तरांनी कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "झाकणाला." नाराजीनं का होईना, झाकणाला लावलं.

दिवाळीनंतर, आमचं खोकं जिथं जाणार होतं, लातूरच्या त्याच शाळेतून एका मास्तरांचा फोन आला. त्यांनाही आता आमच्यासारखेच लॅपटॉप मिळाले होते आणि नंतर त्यांना मिळालेले बोर्ड खोक्यात पडून होते. "मॅडम, एखाद दिवस येऊन पोरांना दाखवाल का?"

"दाखवू की. पण मी न्हाई, माझ्या पोरी दाखवतील," मी म्हटलं. "आणि त्या तिकडं येणार न्हाईत. तुमची पोरं घेऊन तुम्ही इकडं या. लातूरहून अहमदपूरला एसटी असते."