चकतीबाईंचा फ्रीज

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चकतीबाई म्हणत. पाणी गाळायच्या भाजक्या मातीच्या चकत्या त्या एकोणीस वर्षं करत होत्या. शिवाय बाटल्या धुणंही त्यांच्याकडेच. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, प्रत्येक बाटली उजेडात धरायचे आणि डाग दिसला की एकच शब्द बोलायचे, "परत."

सरांनी केलेल्या चकत्या भट्टीत तडकायच्या, बाईंच्या कधीच नाही. बाई ओल्या चकत्या जुन्या फ्रीजच्या मागे, जाळीच्या उबेत दोन दिवस सुकवायच्या. सरांनी मात्र शोधनिबंधात ठोकून दिलं, ‘खोलीत सुकवाव्यात’. कधी फ्रीजमागे वाकून पाहिलं असेल तर शपथ!

पेटंट निघालं, एकट्या सरांच्या नावावर. कारखाना उभा राहिला, दोनशे माणसं कामाला लागली, समोर खानावळी आल्या, ओसाड रस्त्याला दिवे आले. उद्घाटनाला पाहुण्यांनी विचारलं, "या कोण?" सर हसून म्हणाले, "या आमच्याकडे बाटल्या धुतात."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात सरांनी भंगारात काढलेला तो फ्रीज बाईंनी घरी आणला आणि त्या दबा धरून बसल्या.

कारखान्याच्या गार हॉलमध्ये सुकवलेल्या चकत्या भट्टीत गेल्या की तडकायच्या. बाईंची धाकटी जाऊ तिथेच पॅकिंगला होती. ती रडकुंडीला आली. "जाऊबाई, सांगून टाका ना. कारखाना बंद पडेल, माझी नोकरी जाईल."

"नाही जात. आधी त्याला माझ्या दारात येऊ दे."

महिन्याभरात सर आले. स्वयंपाकघरात त्याच फ्रीजला टेकून त्यांनी चहा घेतला. "बाई, तुम्ही नेमकं काय करायचात हो?"

"मी काय सांगणार, सर? मी बाटल्या धुते."

सरांचा चेहरा पडला. बाईंना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

"पेटंटवर माझं नाव घाला. तुमच्या वर."

सरांनी घाम पुसला, तसा अर्ज लिहिला, सही केली. बाईंनी तो दोनदा वाचला आणि दारात उभ्या असलेल्या जाऊच्या हातात दिला.

"आता तरी सांगा," सर म्हणाले.

"आधी तो कप धुवा."

सरांनी मुकाट्याने कप नळाखाली धुतला. बाईंनी धुतलेला कप घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, सावकाश फिरवला आणि सरांच्या हातात ठेवला.

"परत."