‘पीठ तयार आहे’ ग्रुपवर झालेला खून

गिरणीवाल्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही, ते स्वतःच डबा घेऊन येतात. दळण लावलं की माणूस थांबतो, थांबला की बोलतो, आणि चक्कीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडूनच. ओरडून सांगितलेलं गुपित कितीसं टिकणार? संध्याकाळी मी केसांतलं पीठ झाडते तेव्हा त्यातून चार घरच्या भानगडी पडतात.

आमची गिरणी जुळे सोलापुरात. नवरा, म्हणजे दत्ता, दळतो. मी डबे आणि मोबाईल सांभाळते. ‘झालं का दळण?’ असे फोन घेऊन कंटाळले, म्हणून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि नाव ठेवलं ‘पीठ तयार आहे’. मी नाव टाकायचं, ज्याचं त्यानं येऊन डबा न्यायचा, एवढंच काम. पण रिकामी जागा दिसली की आपल्या लोकांना राहवत नाही. महिन्याभरात तिथं शुभ सकाळ आली, गुडघेदुखीचा काढा आला, आणि मग तपास सुरू झाले.

आज सांगते तो तपास पोरगी हरवल्याचा आहे. आधीच सांगून टाकते, पोरगी सुखरूप आहे. आत्ता गिरणीसमोर दोरीवरच्या उड्या मारतेय आणि माझ्या डब्यांवर धूळ उडवतेय. ती तिथं आहे म्हणूनच मला हे हसत सांगता येतंय.

*

आमच्या तपास पथकाची ओळख त्याच्या आधीच्या केसवरून होईल. विद्यावहिनींचा पिठाचा मोठा स्टीलचा डबा हरवला. वहिनी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघतात, त्यामुळे त्यांना दूध नासलं तरी त्यात अँगल दिसतो. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘डबा गेला नाही, नेला गेला आहे.’ लगेच ठोंबरेसाहेब पुढे आले. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून त्यांना अडवायला काही उरलेलं नाही. दोघांनी मिळून नव्या भाडेकरूंवर संशय घेतला. पुरावा काय, तर त्यांचा डबाही चकचकीत होता.

भाडेकरूबाई शांतपणे म्हणाल्या, “वहिनी, घासला की सगळ्यांचाच चकाकतो.”

चार दिवसांनी वहिनींच्या विहीणबाई तो डबा घेऊन दारात आल्या. वहिनींनीच त्यातून लेकीकडे शेंगाचटणी धाडली होती. ग्रुपवर मेसेज आला, ‘केस क्लोज्ड.’ भाडेकरूबाईंना सॉरी म्हणायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

आता गौरी. गिरणीसमोरच, वरच्या मजल्यावर राहते. दुसरीत आहे. वडील ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात आई सुनीता आणि काका बाळू. हा बाळू सांगोल्याकडचा. घरची शेरडं-मेंढरं सोडून इथं टॉवेलच्या कारखान्यात लागला. लग्न झालेलं नाही, बोलणं तर त्याहून कमी. दळण न्यायला आला की “झालं?” आणि घेतलं की “बरं.” एवढीच काय ती त्याची भाषणं. मात्र गौरीशी त्याचं तोंड मिटत नाही. तिला खांद्यावर बसवून यायचा आणि डब्याचं झाकण तिलाच धरायला लावायचा.

त्या शनिवारी शाळेच्या गॅदरिंगसाठी फ्रॉक घ्यायला तो तिला नवी पेठेत घेऊन गेला. लगीनसराईचे दिवस. दुकानात एका लग्नाचा बस्ता चाललेला. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे मिळून सगळं गावच गादीवर बसलेलं, मधे साड्यांचा ढीग, चहाचे कप, पेंगुळलेली पोरं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, “गाड्या उचलाय लागलेत!” बाळू गौरीला म्हणाला, “बस हितंच, गाडी काढून आलो.” नवी पेठेत गाडी काढणं आणि दुसरीकडे लावणं हे काय काम असतं, ते सोलापूरकरांना सांगायला नको. तो परत आला तेव्हा गादी रिकामी होती, नोकर साड्यांच्या घड्या घालत होता आणि गौरी नव्हती.

त्यानं सगळी पेठ पालथी घातली. मग चौकीत गेला. तिथून सुनीताला फोन केला आणि सुनीता किंचाळली ती आमच्या गिरणीपर्यंत ऐकू आली. दत्तानं चक्की बंद केली आणि चौकी गाठली. मी सुनीताकडे जाऊन बसले.

*

इकडे ग्रुप जागा झाला. शेजारच्या एका दुकानातलं सीसीटीव्हीचं चित्र कुणीतरी मिळवलं. त्यात अर्धी पेठ धुरकट दिसत होती. विद्यावहिनींनी त्यावर लाल गोल काढला. ‘हा निळ्या शर्टवाला बघा. मान खाली, हातात पुडी, सारखा मागे वळून बघतोय. अपराधी माणूस असाच चालतो. याला कुणी ओळखतं का?’

सगळ्यांनी चित्र मोठं करून बघितलं. मग भाडेकरूबाईंनी लिहिलं, ‘वहिनी, हे तुमचे मिस्टर आहेत.’

मिस्टर ऑफिसात असायला हवे होते. त्यांना शुगर आहे. पुडीत जिलेबी होती. त्या एका गोलानं त्यांच्या घरात जो तपास सुरू झाला तो बरेच दिवस चालला.

*

निळा शर्ट हातचा गेल्यावर नवा माणूस हवा होता. तो ठोंबरेसाहेबांनी दिला. ‘मुलगी शेवटची कुणाबरोबर होती? काकाबरोबर. हा काका दर रविवारी तिला हिप्परगा तलावाकडे नेतो, मी स्वतः पाहिलं आहे. आता जोडा दुवे.’

लोकांनी दुवे जोडले. ‘बोलत नाही फारसा.’ ‘लग्न पण झालेलं नाही.’ ‘गावाकडं जमिनीचं काही असेल.’ ‘मला तर त्याची नजर पहिल्यापासून...’ या वाक्यात पुढं नुसती टिंबं होती, आणि मला राग आला तो त्या टिंबांचा. ठोंबरेसाहेबांनी तर तलावात सध्या पाणी किती आहे आणि गाळ कुठल्या अंगाला आहे तेही सविस्तर लिहिलं. खात्यात असताना त्यांचा एवढा नेमका रिपोर्ट कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

*

ग्रुपमध्ये एक अण्णाराव आहेत, अक्कलकोटकडचे, खूप वयस्कर आणि मनानं फार चांगले. ते वरचं काही वाचत नाहीत, फक्त शेवटचा मेसेज बघतात. शेवटचा मेसेज पाण्याचा आणि गाळाचा होता. अण्णारावांनी हात जोडले आणि लिहिलं, ‘ॐ शांती.’

झालं! एकदा कुणी ॐ शांती लिहिलं की खाली दुसरं काही लिहायची आपल्याकडे पद्धतच नाही. रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. मेणबत्ती. भावपूर्ण श्रद्धांजली. कोण गेलं ते न विचारताही दोघातिघांनी वाहिली. एकानं लिहिलं, ‘फार दिलदार माणूस होता.’

हे सगळं माझ्या मुठीतल्या फोनमध्ये थरथरत होतं आणि शेजारी सुनीता देव्हाऱ्याकडे बघत बसली होती. तिनं विचारलं, “ताई, कुणाचं काय आलं का?” मी म्हणाले, “दळणाचं विचारतायत.” सुनीता ग्रुपमध्ये नाही ना, ते बघायला मी मेंबरांची यादी उघडली. सुनीता नव्हती. पण खाली एक नंबर होता, कुणी नावानं सेव्ह न केलेला. फोटो शेळीचा.

दळण न्यायचं काम बाळूचं. म्हणजे ग्रुपमध्ये बाळूच असणार. मीच घातला होता त्याला.

मी ग्रुप बंद केला, कुणालाच लिहिता येणार नाही असा. आणि दत्ताला फोन लावला. “बाळू काय करतोय?”

दत्ता हळू आवाजात म्हणाला, “बाकड्यावर बसलाय. पोलिसांनी इचारलं त्येवडं सांगतोय. न्हायतर मोबाईल बघतोय. सगळं वाचतोय गं त्यो. एकेक करून.”

*

दिवस मावळायला आला आणि सुनीताचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिच्यानं उचलवेना, मी उचलला. पलीकडून एक बाई एका दमात बोलायला लागल्या, “अकलूजवरनं बोलतोय. घाबरू नका. पोरगी हितं हाय. जेवलीया. अगुदर आईशी बोला, मग आमाला काय बोलायचं ती बोला.”

आणि मग गौरीचा आवाज, “आई, इथं लई उसाचा रस आहे.”

सुनीता फोन कानाला धरून हसली, रडली आणि मग तिला असं काही रागवायला लागली की मला पटलं, आता सगळं ठीक आहे. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकं मोकळं मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

झालं होतं ते असं. काकाची वाट बघत गौरी साड्यांच्या ढिगाला टेकली आणि झोपली. बस्ता आटोपला, जीप दारात लागली. नवरीच्या मावशीनं झोपलेली पोरं एकेक करून उचलून मागं टाकली, त्यात हीसुद्धा. वाटेत कुणीतरी तिच्या अंगावर नवीकोरी शाल घातली. अकलूज आलं, पोरं उठली, पोह्यांच्या बश्या आल्या. ही भेदरून गप्प. नवऱ्याची आई कौतुकानं म्हणाली, “तुमच्याकडची ही पोरगी लई गुणाची बगा. रडंना, कायबी मागंना.”

नवरीच्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. “आमच्याकडची? आवं, आमी तुमची म्हणून मगाधरनं दोनदा वाढलंय की!” मग गौरीला विचारलं, तेव्हा कळलं, तिला आईचा नंबर पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जीप आमच्या गल्लीत आली. दोन्हीकडची माणसं होती, कारण चूक कुणाची हे अजून ठरत नव्हतं. सुनीताला साडी, गौरीच्या अंगावर फ्रॉक, आणि लग्नाला यायचंच असा दम. गौरी उतरली ती आईकडे न जाता आधी बाळूकडे गेली आणि म्हणाली, “तू आलाच न्हाईस की.” बाळूनं तिला उचललं आणि तो जिन्यानं वर गेला.

*

मी ग्रुप परत उघडला. पहिला तासभर नुसतं ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ येत होतं. श्रद्धांजल्या गेल्या, मेणबत्ती गेली, दिलदार माणूसही गेला. ठोंबरेसाहेबांनीही आपले मेसेज पुसले, पण घाईत ‘फक्त माझ्यासाठी’ दाबलं. त्यामुळे त्यांच्या मोबाईलवर ते निर्दोष आहेत आणि बाकी सगळ्यांकडे तलाव, पाणी, गाळ जिथल्या तिथं आहे. त्यांना हे सांगायची हिंमत आजवर कुणाला झालेली नाही.

त्यानंतर ग्रुप एवढा शांत झाला की मला बरं वाटायच्या ऐवजी धास्ती वाटायला लागली. कुणी शुभ सकाळ म्हणेना. बाळू गिरणीवर यायचा थांबला. डबा सुनीता आणायची. एकदा तीच म्हणाली, “भावजी गावाकडं जातो म्हणतायत. शेरडं बरी म्हणतायत. पोरगी जेवंना झालीय.” मी दत्ताला वर पाठवलं. तो तसाच परत आला. बाळूनं त्याला चहा दिला होता, पण बॅग भरलेली होती. ग्रुपमधल्या सगळ्यांना सॉरी म्हणायचं होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं आधी म्हणायची वाट बघत होता.

रविवारी सकाळी चक्कीवर सुनीताची ज्वारी पडली होती आणि दुकानात पाचसहाजण उभे होते, त्यात ठोंबरेसाहेबही. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. शेळीच्या फोटोवरून व्हॉइस मेसेज आला होता. दत्तानं चक्की बंद केली. मी फोन काउंटरवर ठेवला आणि लावला.

आवाज गौरीचा होता, वाचून दाखवल्यासारखा.

“ठोंबरे आजोबा, तुम्ही लिहिलंय की काकानं मला तलावात टाकलं. पण मला पोहता येतं. काकानंच शिकवलंय, दर रविवारी.”

मग थोडी खुडबूड, आणि मागून बाळूचा आवाज, “बास की आता. डबा झाला का इचार.”

“आणि आमचा डबा झाला का? काका न्यायला येतोय.”