बिऱ्हाडकाका

बिऱ्हाडकाकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये ते कितीतरी वर्षं राहत होते, पण फोटो जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेले. टीव्हीपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं कपाटात जपलेलं. "आपलं सगळं पुढच्या एक्स्टेन्शनपर्यंत," ते म्हणत. व्हिसा वाढला की घरही तेवढंच वाढलं. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. बिऱ्हाडकाका हे नाव आम्ही खालच्या मजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थिनींनी ठेवलं. ते कळलं तेव्हा सगळ्यात जास्त काकूच हसल्या होत्या.

काका मूळचे नागपूरचे. जिन्यात भेटले की, "काय करून राहिली पोरी? जेवली का?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर घेऊन जायचे. मूलबाळ नव्हतं. वर काकू पोळ्या करत असायच्या आणि काका लॅपटॉपवर आरव्ही बघत असायचे. आरव्ही म्हणजे ओटा, बिछाना, संडास सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. ग्रीन कार्ड आलं की नोकरी सोडायची, एक आरव्ही घ्यायची आणि अख्खी अमेरिका पालथी घालायची, हा त्यांचा बेत.

शनिवारी दोघं कुठल्या ना कुठल्या डीलरकडे गाड्या बघायला जायचे. एकदा मीही गेले होते. काकूंनी प्रत्येक गाडीतला प्रत्येक ड्रॉवर उघडून पाहिला, मग चपला काढून बिछान्यावर चक्क आडव्या झाल्या.

"फोडणीचा वास पडद्यांना लागेल हो," त्या आतून म्हणाल्या.

"खिडक्या उघड्या ठेवून चालवू," काका बाहेरून म्हणाले.

परत येताना काकांनी गाडी हायवेला लावली. मग एकदम म्हणाले, "थोडंच राहिलंय आता." ग्रीन कार्डाची रांग मात्र चार पावलं पुढे जायची आणि तीन मागे यायची.

माझं शिक्षण संपलं, तिथेच नोकरी लागली, आणि त्याच सुमारास काकूंना कॅन्सर निघाला. बराच पसरलेला. त्यांची ट्रीटमेंट काकांच्या नोकरीच्या इन्शुरन्सवर आणि काकांचा व्हिसाही त्याच नोकरीवर. त्यामुळे काकूंच्या हाताला सलाईन लागलेलं असायचं आणि शेजारच्या खुर्चीत काका हेडफोन लावून मीटिंग करत असायचे. एका दुपारी मी डबा घेऊन गेले होते. काकू म्हणाल्या, "ती गाडी राहू दे. इंडियानात त्या गाड्यांचं म्युझियम आहे म्हणता ना? आत जाऊन बसता येतं म्हणे. तेवढं तरी दाखवा."

"आधी बरी हो," काका म्हणाले. "अशा अंगानं काय मजा येणार? धडधाकट झालीस की जाऊ."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांना मजा पूर्ण लागते," त्या म्हणाल्या. "मला अर्धीही चालली असती."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या.

उन्हाळ्यात काकांचा फोन आला. "म्युझियमला जायचं म्हणतो. माझ्यानं एवढं ड्राइव्ह होत नाही. येशील?" आम्ही निघालो. दिवसभर मी गाडी चालवली. रात्री मोटेलमध्ये राहिलो आणि सकाळी म्युझियमच्या दारात होतो.

भल्यामोठ्या हॉलमध्ये रस्त्यासारखी वळणारी वाट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्यांची चाकांवरची घरं. लाकडी भिंतींचे ट्रेलर, खेळण्यातल्यासारख्या चुली, भिंतीत घडी होणारे बिछाने. काका एकेका गाडीत वाकून शिरायचे आणि आतला प्रत्येक ड्रॉवर उघडून बघायचे. शेवटचा ड्रॉवर बंद होईपर्यंत मी बाहेर थांबायची.

तिथे एक पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक आजोबा होते. बायकोबरोबर अशाच गाडीतून आपण कुठे कुठे हिंडलो ते त्यांनी काकांना हौसेनं सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या मिसेस नाही आल्या?"

"बाहेर गाडीत आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "तिला चालवत नाही."

आम्ही पुढे गेलो. एका छोट्या ट्रेलरमध्ये दोघांपुरतं टेबल होतं, तिथे काका बसले. समोरची जागा रिकामी. ते इतका वेळ बसून राहिले की शेवटी मी आत जाऊन त्यांचा हात धरला.

बाहेर आलो तर पार्किंगमध्ये ते आजोबा उभे होते. हातात म्युझियमची व्हीलचेअर. उन्हात आमची गाडी शोधत फिरत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आधीच सांगायचं नाही का? आतल्या वाटेवर एकही पायरी नाही. मी स्वतः फिरवतो त्यांना." बोलत बोलत ते आमच्या गाडीपाशी आले आणि त्यांनी काचेतून आत वाकून पाहिलं.

आत कोणी नव्हतं.

काका त्यांना काही सांगायला पुढे गेले. मग त्या माणसाच्या हातातल्या रिकाम्या व्हीलचेअरला धरूनच ते खाली बसले आणि मोठ्यानं, मराठीत, रडत म्हणाले, "ती म्हणत होती गं, ती म्हणत होती." आजोबांना एक अक्षर कळलं नसेल. ते तिथेच डांबरावर काकांशेजारी बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

काकांनी त्याच वर्षी नोकरी सोडली आणि ते नागपूरला भावाकडे गेले. भावजय सांगते, खोलीतून बाहेर येत नाहीत, कुठे चला म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. मी फोन करते. बहुतेक वेळा मीच बोलते.

परवा म्हटलं, "काका, या ना इकडे. मी सुट्टी घेते. आपण आरव्ही भाड्यानं घेऊ, तुम्ही म्हणाल तिकडे जाऊ."



काका म्हणाले, "कोणाला दाखवायला गं?"