पाठमोरी होडी

होडीकाकूंना कुणी "जमणार नाही" म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजावं. नवरा गेल्यावर त्याची होडी विकायला घरचे सगळे एका पायावर तयार होते. काकूंनी इंजिनाचं हँडल काढून उशाशी ठेवलं आणि झोपल्या. महिना उलटायच्या आत त्या माणसं भरून नदीपार नेऊ लागल्या.

होडी जुनी होती. मागे, पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी झिरपायचं. ते उपसायला तळाशी एक छोटा पंप होता आणि पंपाला बॅटरी. हँडल मारून चालणाऱ्या त्या इंजिनात बॅटरी चार्ज करायची सोय नव्हती. म्हणून बॅटरी उतरली, की काकू ती मूल कडेवर घ्यावं तशी घरी न्यायच्या, ओट्याखाली चार्जिंगला लावायच्या आणि अंधार पडायच्या आत परत आणायच्या.

मग गुडघ्याने दगा दिला. एकदा बॅटरी न्यायची राहिली आणि सकाळी होडीतल्या फळ्या पाण्यावर तरंगत होत्या. धक्क्यावरच्या मुकादमाने बजावलं, पुन्हा फळ्यांवर पाणी दिसलं तर जागा दुसऱ्याला देणार. दुसरा म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. काकूंच्या दिराची होडी शेजारीच असायची आणि त्याची जीभ त्या होडीहून लांब होती.

"वहिनी, आता बसा घरी," तो म्हणाला. "बॅटरी उचलवत नाही, माणसं काय न्याल?"

"माणसं आपल्या पायांनी चढतात, भाऊजी."

होडी तेव्हा रंगवायला काठावर ओढलेली होती. काकूंनी वायरमनला गाठून पुढे नाकाजवळ, एका बाजूच्या फळीवर सोलर पॅनल बसवून घेतलं. मागे इंजिन आणि माणसांच्या बसायच्या फळ्या, तिथे जागाच नव्हती. ऊन पडताच चार्जिंगच्या डबीतला हिरवा दिवा लागला. काकू येताजाता पॅनल फडक्याने पुसत होत्या. दीर लोकांना सांगत सुटला, की वहिनींनी आता सूर्याला कामावर ठेवलाय, तो कधी दांडी मारतो बघा.

आणि सूर्याने दांडी मारलीच. होडी पाण्यात उतरून आठवडाही झाला नाही, तोवर पंपाचा घसा बसला. काकूंनी वायरमनला फैलावर घेतलं. तो बिचारा मीटर घेऊन होडीत बसला. भर नदीत मापून बघितलं, तर सगळं उत्तम. पॅनलमध्ये खोट नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. "बॅटरीच म्हातारी झालीय, काकू."

"म्हातारं झालं म्हणून काम थांबतं का रे?" काकू म्हणाल्या. पलीकडचा काठ येईपर्यंत तो मीटरकडे बघत बसला.

सकाळी माणसं कामाला जात, संध्याकाळी परत येत. मधला सगळा वेळ होडी धक्क्याला बांधलेली असे. आता मात्र काकूंना तिला सोडून घरी जायचा धीर होईना. पंप मुका झाला होता. त्या भर दुपारी डब्याने पाणी उपसत बसल्या. मागच्या फळ्या इतक्या तापल्या होत्या, की तळपाय भाजले. म्हणून त्या पुढे सरकल्या, आणि टेकायला हात ठेवला तो पॅनलवर. पॅनल गार.

काकूंनी मान वर केली. डोक्यावर गोदामाचा पत्रा होता, धक्क्याच्या कडेपुढे हातभर आलेला. या धक्क्यावर प्रत्येक होडी तोंड आत करून बांधायची, ही रीत. धक्क्याला पाठ दाखवणं म्हणजे उद्धटपणा. शिवाय नाक पत्र्याखाली आलं, की डबा खायला सावली मिळायची. ज्या सावलीत लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याबरोबर जेवल्या, त्याच सावलीत काकूंनी उन्हाचं यंत्र वाळत घातलं होतं. त्या एकट्याच हसल्या, मग दोर सोडला आणि होडी फिरवली. नाक नदीकडे, पाठ धक्क्याकडे.

लोक आ वासून बघत राहिले.

"दादा असता तर हे चालवून घेतलं असतं?" दीर ओरडला.

"ते असते तर उपसायचा डबा तुमच्या हातात दिला असता."

दीर तडक मुकादमाकडे गेला आणि आठवडा संपायच्या आत, ऐन सकाळच्या गर्दीत, त्याला घेऊन आला. मुकादमाने फळी उचलली. पाणी होतं, पण अगदी तळाशी. तो वाकलेला असतानाच पंप गुरगुरला आणि बाहेर पाण्याची जाड धार पडली.

"पाण्याचं ठीक आहे," मुकादम म्हणाला. "पण होडी सरळ बांधा. इथे अशी रीत नाही."

"म्हणजे तोंड करून बुडाले तर रीत, आणि पाठ करून तरंगले तर गुन्हा?"

मुकादमाने दिराकडे पाहिलं. दिराने नदीकडे. तेवढ्यात रांगेतल्या एका आजी पुढे झाल्या. होडीची मागची बाजू बसकी होती. कुणाचा हात न धरता त्या आत उतरल्या, बसल्या आणि म्हणाल्या, इतकी वर्षं आम्हाला त्या उंच नाकावरून का चढवत होतात? मागोमाग बाकीचेही उतरले.

"बघू पुढच्या वेळी," मुकादम पुटपुटला.

"बघा की. मी इथेच आहे, अशीच."

काकूंनी हँडल मारलं. शेजारी दीर आपली होडी मागे घेत, वळवत, शिव्या देत होता. काकूंना मागे घ्यायची गरजच नव्हती. त्या सरळ नदीत शिरल्या.