हलकं पिस्तूल

माझ्या मेहुण्यांना पिस्तुलाचा परवाना मिळाला, त्या दिवशी त्यांनी चांदूर बाजारहून आमच्याकडे अमरावतीला पेढे पाठवले. त्यांची मुलगी पदवीधर झाली तेव्हा पेढे अर्धा किलो आले होते, या वेळी एक किलो आले. सरकारी कागदांची आमच्याकडची उतरंड त्यावरून लक्षात यावी.

मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला जवाईबापू म्हणतात. चांदूर बाजारच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे आणि आसपासच्या बागांचा मालही ते घेतात. माणूस हातापायाने धिप्पाड, पण घरात साप निघाला तर आधी पलंगावर चढणारा.

पिस्तुलाचं मूळ एका हिवाळी संध्याकाळच्या प्रसंगात होतं. अमरावतीच्या बाजारात माल विकून, रोख घेऊन ते एकटे गाडीने घरी निघाले होते. वलगावच्या पुढे एका मोटरसायकलवरचे दोघे त्यांच्या मागे लागले. हॉर्न वाजवला, बरोबरीने आले, काचेवर थाप मारली. दादांनी जी गाडी दामटली ती थेट अंगणात आणून उभी केली. वहिनी कंदिलासारखा मोबाइल धरून बाहेर आल्या, तर गाडीची डिकी सताड उघडी.

"अवो, डिकी उघडी हाय हेच सांगून रायले असतीन ते पोट्टे," वहिनी म्हणाल्या.

"मंग त्याइले कसं माहीत डिकी उघडी हाय?" दादांनी विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नाही. मी बऱ्याच वेळा देऊन पाहिलं आहे.

तेव्हापासून अंधार पडला की दादा गाडी चालवेनासे झाले. बाजाराचा हिशेब संध्याकाळीच होतो, त्यामुळे बाजाराच्या दिवशी त्यांचा मुक्काम आमच्या हॉलमध्ये. माझ्या वाचायच्या खुर्चीत बसून ते मोठ्या आवाजात बातम्या पाहत आणि तिथेच घोरत. चारचौघांत ते भीतीचं नाव काढत नसत. "जवाईबापू, तुमच्या घरी झोप चांगली लागते," म्हणत. मला मात्र खरं सांगितलं होतं. वलगावचं ते वळण मनात आलं की त्यांच्या तळहाताला घाम सुटे. बागायतदाराने रस्त्याला भ्यावं ही गोष्ट त्यांना फार लागली होती. पिस्तूल आलं की भीती जाईल, असा त्यांचा हिशेब होता. मला माझी खुर्ची परत हवी होती, म्हणून मीही पिस्तुलाच्या बाजूने होतो.

आमच्याकडे पिस्तूल हे शस्त्र कमी आणि पदवी जास्त. लग्नात ज्याच्या शर्टाखाली कमरेला उंचवटा दिसतो, त्याला पुढच्या रांगेतला सोफा मिळतो. ज्याच्या नुसत्या डोक्यात काही असतं, त्याला पंख्यामागची प्लास्टिकची खुर्ची. मी आयुष्यभर महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे पंख्याच्या मागच्या बाजूचा मला अभ्यास आहे. त्या उंचवट्याखाली खरोखर काय असतं हे विचारायची पद्धत नाही. एकाच्या उंचवट्यातून भर पंगतीत चष्म्याचं घर पडलेलं मी पाहिलं आहे.

तर पिस्तूल घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो. दादा, मी आणि वहिनी. मला नेलं ते शिकलेला म्हणून. पिस्तुलाविषयी माझं ज्ञान रहस्यकथांपुरतं आहे आणि त्यांतलं पिस्तूल कोणी विकत घेताना दिसत नाही, ते आधीपासून टेबलाच्या खणात असतं. वहिनी कशाला येतात हे त्यांनी सांगितलं नाही. त्या गाडीत बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुकान जुनं, अरुंद. दुकानदार वयस्कर, अर्धे मिटलेले डोळे आणि पांढरा शर्ट. त्यांनी परवाना उलटसुलट पाहिला आणि बत्तीस बोअरची दोन पिस्तुलं काचेवर मांडली. एक सरकारी कारखान्यातलं, काळं, पोलादी, दिसायला पाटबंधारे खात्यातल्या कारकुनासारखं. दुसरं नव्या खाजगी कंपनीचं. त्याला सोनाराकडे असते तशी पेटी, आत कापलेला फोम, त्यावर पातळ पारदर्शक पिशवीत ते निजलेलं. त्याच्या किमतीत पहिली तीन-चार आली असती. किंमत ऐकून दादांनी चष्मा काढून पुसला.

"एवढं काहून जी महाग?" त्यांनी विचारलं.

"सेमी-ऑटोमॅटिक तं दोनीही आहेत भाऊ," दुकानदार म्हणाले. "पन याचा घोडा मऊ आहे. झटका कमी. हातात असं बसते का जसा तुमचाच हात."

मग दादांनी जे केलं ते फक्त संत्र्याचा व्यापारीच करील. पिशवीतून काढून त्यांनी महागडं पिस्तूल एका तळहातावर ठेवलं, साधं दुसऱ्यावर, डोळे मिटले आणि दोन्ही हात हलके वरखाली केले. संत्रं असंच पारखतात. आकाराच्या मानाने जड लागलं तर आत रस भरलेला. हलकं लागलं तर साल सुटलेली, आत कोरडं. त्याला आमच्याकडे फोपसं म्हणतात.

दादांनी डोळे उघडले. महागडं पिस्तूल पुन्हा पिशवीत सारलं आणि काचेवर ठेवलं.

"फोपसं हाय," ते म्हणाले.

दुकानदारांचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. एवढ्या वर्षांत त्यांच्या मालाला बरीच नावं ठेवली गेली असतील, हे नव्हतं. "अहो, फायबरची बॉडी आहे त्याची! हलकं आहे म्हनूनच महाग आहे."

"हलकं म्हनून महाग? आमी हलका माल गिऱ्हाइकाच्या डोयापुढं आनत नाई."

"ते संत्रं आहे का भाऊ?"

"मंग पैसे काहाचे घेऊन रायले तुमी?"

मला दादांचं दुःख कळत होतं. आमच्या भाषेत माणसाचं वजन असतं. वजन पडतं, वजन वापरतात, वजन ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही. दादा वजन विकत घ्यायला आले होते आणि दुकानदार जास्त पैसे घेऊन त्यांना कमी वजन देत होते.

"जवाईबापू, तुमी सांगा," दादा म्हणाले.

मी घसा साफ केला. वस्तूची किंमत तिच्या वापराने भागावी, म्हणजे ती महाग की स्वस्त ते कळतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते मी त्यांना ऐकवलं. "वर्षातून किती वेळा गोळी झाडाल?"

"एकबी डाव नाई," दादा दचकून म्हणाले. "कोनावर झाडू, बापा?"

"म्हणजे भागिले शून्य."

"शून्यानं भागता येत नाई जी," दुकानदार म्हणाले. त्यांचं गणित माझ्याहून बरं होतं.

इतका वेळ वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. त्या उठल्या, काचेजवळ आल्या आणि पिस्तुलांकडे न पाहता पेटीकडे पाहू लागल्या. पेटीला छोटं कुलूप होतं.

"भाऊ, हे पेटीसगट देता ना?"

"हो ताई. ओरिजिनल पेटी आहे."

"अन् हे पन्नी?" वहिनींनी पारदर्शक पिशवीला बोट लावलं.

"पन्नीसुद्धा."

"मंग हेच बांधा," वहिनी म्हणाल्या.

दादा त्यांच्याकडे पाहतच राहिले. "काहून? फोपसं हाय ना व ते!"

"असू द्या. आपल्या गाडीच्या शिटाची पन्नी काढली काय तुमी अजून? उन्हायात मानूस चिपकून रायते शिटाले, पन पन्नी निंगत नाई. पुतन्यानं दुबईहून घड्याय आनलं, ते कपाटात. टीव्हीचं रिमोट पन्नीत. महाग वस्तूले तुमी हात लावत नाई. हे काळं स्वस्तातलं घेसान तं खिशात घालून फिरसान. डिकी उघडी सांगाले येईन कोनी गरीब, अन् त्याच्यावर काढसान. महाग घ्या. पेटीत तं राहीन."

दुकानदारांनी आयुष्यात ऐकलेली खरेदीची सगळी कारणं मनात चाळली असावीत, त्यांत हे नव्हतं.

दादांनी मग खऱ्या प्रश्नाला हात घातला. आवाज खाली आणून म्हणाले, "पिस्तूल पेटीत, तं मंग रस्त्यात मी काय करू?"

"पिस्तूल पेटीत राहीन अन् मी गाडीत," वहिनी म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी मी संग येत जाईन. लय दिवस झाले, अमरावती पाहाची हाय मले."

दादा काचेवर बोटाने काहीतरी गिरवत राहिले. मग त्यांनी मान हलवली. किमतीबद्दल घासाघीस केली, तीही सवय म्हणून. दुकानदारांनी काहीही कमी केलं नाही. फक्त पेटी पुसायला एक पिवळं फडकं वर दिलं.

पुढचं सगळं वहिनींनी सांगितल्याबरहुकूम झालं, फक्त म्हशीमुळे त्यांचं बरोबर येणं लांबत गेलं आणि दादांचा मुक्काम आमच्या हॉलमध्येच राहिला. पेटी लोखंडी कपाटात गेली. सगेसोयरे पाहायला आले, तेव्हा झाकण उघडून पिस्तूल पन्नीतूनच दाखवलं गेलं. कोणी हात पुढे केला तर दादा म्हणत, "दुरून पाहा, बोटं उमटतात." त्या मोसमात त्यांना दोन लग्नांत पुढचा सोफा मिळाला. पिस्तूल घरी होतं, पण ते आहे ही बातमी पुरेशी ठरली.

मग निवडणूक लागली. कोणती ते आठवत नाही, आमच्याकडे एक संपते तोवर दुसरी येते. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. दादा पेटी घेऊन गेले. हवालदाराने झाकण उघडलं आणि विचारलं, "नवीन घेतलं वाटते?" दादा अभिमानाने म्हणाले, "वर्ष होत आलं."

पिस्तूल ठाण्यात असतानाच एका बाजाराच्या दिवशी पहिल्यांदाच ती दोघं मिळून आमच्याकडे आली. अमरावती पाहणं म्हणजे वहिनींच्या दृष्टीने आमच्या घरी चहा पिणं आणि पत्नीबरोबर कापडाच्या दुकानांत काही न घेता हिंडणं. चहा झाला तोवर बाहेर अंधार पडला होता. पत्नी सवयीने म्हणाली, "दादा, गादी घालते." मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नाई," वहिनी म्हणाल्या. "म्हैस माह्या हातानंच दूध देते. चला वो." आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडायच्या आत त्यांचा वाद सुरू झाला. संत्र्याच्या आंब्याबहाराला पाणी कधी तोडायचं, मागच्या वर्षी ते कोणामुळे चुकलं, आणि ते चुकलं हे वहिनींनी तेव्हाच कसं सांगितलं होतं. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तरी दादांचा हात खिडकीबाहेर काहीतरी पटवून देत होता.

तासाभराने मी फोन लावला. दादा घरी पोचले होते. आवाज अजून भांडणाचाच होता.

"दादा, वलगावच्या पुढे काही त्रास?" मी विचारलं.

पलीकडून म्हशीचं हंबरणं आणि बादलीचा आवाज ऐकू आला.

"वलगाव?" ते म्हणाले. "वलगाव कवा गेलं जी?"